बेलीझची सहल आणि एका प्रश्नाचं उत्तर

(आपल्या बॅचच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

पन्नास वर्षांपूर्वीसारखेच आजही मागचे बाक पकडून बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजन समितीनं मला वीस मिनिटं दिली आहेत. विषयही त्यांनीच दिला : ‘परदेशी सहल कशी आखावी’. कारण असं की 2019 च्या फेब्रुवारीत आम्ही सहा जण मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या देशात दहा दिवस जाऊन आलो, आणि तेव्हापासून ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतं, ‘अरे, त्या सहलीचं वेळापत्रक पाठव ना.’ वेळापत्रक मी पाठवत आलो आहे. त्यात एक गोष्ट लिहिलेली नाही. ती आज सांगणार आहे. तिच्याशी संबंध असलेली माणसं इथंच बसली आहेत. त्यांची परवानगी घेतली आहे आणि नावं घेणार नाही. तरी तुम्ही ओळखालच.

सहा जण म्हणजे मी आणि माझी पत्नी, ह्यूस्टनला स्थायिक झालेला आपल्या वर्गातला इंजिनिअर आणि त्याची बायको, आपल्या वर्गातली डॉक्टर, आणि पाचवी ते दहावी माझ्या बाकावर बसलेला माझा भिडू. आपली 1975 ची बॅच, नव्या दहावीची पहिली. म्हणजे 2019 मध्ये सगळ्यांचीच साठी आलेली. साठीची शांत करण्याऐवजी समुद्रात उडी मारू, असा ठराव झाला.

देश कुठला, यावर बरीच चर्चा झाली. मला आणि भिडूला समुद्राखालचं बघायचं होतं. आम्ही दोघांनी 2016 मध्ये तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचं शिक्षण घेतलं होतं. शाळेत असताना पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत उड्या मारायचो, त्याचीच ही पुढची इयत्ता. डॉक्टरला माया लोकांची जुनी शहरं बघायची होती. बायकांना, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, नुसतं दगड आणि मासे बघायला जायचं नव्हतं. तिथली माणसं काय खातात, कशी राहतात, हे बघायचं होतं. हे तिन्ही एका छोट्या देशात मिळतं आणि ह्यूस्टनहून विमानानं अडीच तासांत पोचता येतं, हे इंजिनिअरनं सांगितलं आणि बेलीझ ठरलं.

हा देश आपल्या जुन्या, अखंड ठाणे जिल्ह्याच्या जेमतेम अडीचपट. लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या वसई-विरारहूनही कितीतरी कमी. 1981 पर्यंत इंग्रजांची वसाहत होती. 1973 पर्यंतचं नाव ब्रिटिश होंडुरास. त्यामुळे कारभाराची भाषा इंग्रजी आणि आपली पंचाईत होत नाही. समोर कॅरिबियन समुद्र आणि त्यात किनाऱ्याला समांतर गेलेली प्रवाळांची भिंत. मेक्सिकोच्या युकातानपासून होंडुरासपर्यंत ती सुमारे हजार किलोमीटर पसरली आहे. ऑस्ट्रेलियाची सोडली तर जगातली सगळ्यात मोठी.

आता वेळापत्रक. ते मी शंभर पानी वहीत केलं, आणि त्यातली तत्त्वं तुमच्या उपयोगाची आहेत.

पहिलं तत्त्व ऋतूचं. जून ते नोव्हेंबर हा तिकडे वादळांचा काळ. फेब्रुवारी ते मे कोरडं असतं. आम्ही फेब्रुवारी घेतला.

दुसरं तत्त्व क्रमाचं, आणि हे पाठ करून ठेवा : आधी समुद्र, मग जमीन, मग विमान. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर आपल्यावर दुप्पट दाब असतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो. सोड्याची बाटली झटकन उघडली की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. पाणबुड्या झटकन वर आला, किंवा डायव्हिंग करून लगेच विमानात बसला, तर नायट्रोजनचे तसेच बुडबुडे अंगात सुटू शकतात. म्हणून लागोपाठ डुबक्या मारल्या असतील तर विमानाआधी निदान 18 तास जाऊ द्यावेत असं सांगतात. आम्ही 24 धरले होते. बेटावरून येणारं छोटं विमानसुद्धा विमानच, उंच डोंगरावर जाणारा रस्ताही त्यातच धरायचा, हे लोक विसरतात. आम्ही पहिले चार दिवस बेटावर ठेवले आणि जुनी शहरं नंतर घेतली. डायव्हिंग आणि परतीचं विमान यांच्यात त्यामुळे आपोआप पाच दिवस आले.

तिसरं तत्त्व मोहाचं. बेलीझचं नाव काढलं की प्रत्येक जण ‘ब्लू होल’ म्हणतो. समुद्रातलं ते तीनशे मीटर रुंद, सव्वाशे मीटर खोल गोल विवर. 1971 मध्ये झाक कुस्तो आपलं जहाज घेऊन तिथं गेला आणि ते जगप्रसिद्ध झालं. आत साधारण चाळीस मीटरवर चुनखडीचे लोंबते खांब आहेत. असे खांब पाण्याखाली तयार होऊ शकत नाहीत. म्हणजे हिमयुगात समुद्र खूप खाली होता आणि ही एक कोरडी गुहा होती. भूगोलाच्या बाई, तुम्ही फळ्यावर काढलेली लवणस्तंभांची आकृती मला तेव्हा आठवली. पण चाळीस मीटर ही हौशी पाणबुड्याची शेवटची मर्यादा. आम्हाला अठरा मीटरचीच परवानगी. वहीत ब्लू होलवर फुली मारली. ती मारताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. किती समंजस माणूस मी!

तर 2019 च्या फेब्रुवारीत आम्ही बेलीझ सिटीहून बोटीनं पाऊण तासात की कॉकर नावाच्या बेटावर पोचलो. तिकडे छोट्या बेटाला ‘की’ म्हणतात. वाळूचे रस्ते, मोटारी जवळपास नाहीतच, सायकली आणि विजेवरच्या छोट्या गाड्या. जागोजागी पाट्या : सावकाश चला. किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दीडएक किलोमीटरवर पांढऱ्या फेसाची एक सरळ रेघ दिसते. तिथं लाटा प्रवाळाच्या भिंतीवर फुटतात. अलीकडचं पाणी तळ्यासारखं शांत.

त्याच संध्याकाळी आम्ही डायव्हिंगच्या दुकानात गेलो. त्यांनी एक फॉर्म दिला. बहुतेक ठिकाणी डायव्हिंगला गेलात की असा फॉर्म भरावा लागतो. दमा आहे का, रक्तदाब आहे का, फिट येतात का, हृदयाचा काही विकार किंवा शस्त्रक्रिया झाली आहे का. एकाही प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की तेव्हा डॉक्टरचं प्रमाणपत्र आणा म्हणायचे. मी सगळ्या ‘नाही’वर खुणा केल्या, सही ठोकली आणि भिडूला म्हटलं, ‘चल, सकाळी आठ वाजता.’

मित्रहो, 2017 च्या ऑक्टोबरात माझी अँजिओप्लास्टी झाली होती. एक स्टेंट बसवला आहे. हे घरचे सोडून कुणालाही माहीत नव्हतं. भिडूला नाही, डॉक्टरला नाही. चार दिवस फोन बंद होता तेव्हा मी ग्रुपवर ‘गावी रेंज नाही’ असं टाकलं होतं. का लपवलं, याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. विहिरीच्या कठड्यावरून पहिली उडी मारणारा मुलगा मी. ‘अरे, याला सांभाळा’ हे वाक्य मला माझ्याबद्दल ऐकायचं नव्हतं. रोज पाच किलोमीटर चालतो, काही होत नाही, मग सांगायचं कशाला? निघण्याआधी बायकोनं विचारलं होतं, ‘डॉक्टरांना डायव्हिंगचं विचारलंत ना?’ मी ‘हो’ म्हणालो. विचारलं नव्हतं. ते ‘नको’ म्हणतील अशी भीती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला फ्राय जॅक्स होते. मैद्याची कणीक त्रिकोणी कापून तळतात, टम्म फुगतात. पुरीची चुलत बहीणच. सोबत अंडी आणि शिजवलेला घेवडा. मी खिशातून गोळ्यांची डबी काढली, सवयीनं. डॉक्टर समोर बसली होती. तिनं हात पुढे केला आणि माझ्या तळव्यावरची एक गोळी दोन बोटांनी उचलली.

‘ही क्लोपिडोग्रेल आहे,’ ती म्हणाली. ‘कधीपासून घेतोस?’

मी म्हटलं, ‘अगं, ते असंच, रक्त पातळ राहावं म्हणून.’

‘स्टेंट कधी बसवला?’

टेबलावर कुणी काही बोलेना. माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती हळूच म्हणाली, ‘तुम्ही मला हो म्हणाला होतात.’

मी चिडलो. खोटं पकडलं गेलेला माणूस चिडतो तसा चिडलो. म्हणालो, ‘सगळ्यांनी मिळून माझी सहल संपवा आता.’ आठ वाजत आले होते. मी उठलोही. तेव्हा डॉक्टर जे बोलली ते तिच्याच शब्दांत सांगतो, कारण ती माहिती तुमच्याही कामाची आहे.

ती म्हणाली, ‘बस. नुसतं गळ्यापर्यंत पाण्यात उतरलास तरी पायातलं रक्त छातीकडे सरकतं. हृदयावर ताण तिथंच सुरू होतो. वर थंड पाणी, प्रवाह, जड सामान. पन्नाशीनंतरचे पाणबुडे मरतात त्यामागं हृदय हे एक मोठं कारण असतं. तू कदाचित पूर्ण ठीक असशील. पण ते तुला माहीत नाही, मला माहीत नाही. आणि अठरा मीटरवर तुला काही झालं, तर वर कोण आणणार आहे?’

तिनं भिडूकडे बोट दाखवलं.

डायव्हिंगमध्ये प्रत्येकाला एक जोडीदार देतात. इंग्रजीत त्याला ‘बडी’ म्हणतात, आणि आपल्या विटीदांडूतला ‘भिडू’ हा त्यासाठी अगदी नेमका शब्द आहे. माझी हवा संपली तर त्यानं त्याच्या नळ्यातली द्यायची. मी बेशुद्ध झालो तर त्यानं मला वर आणायचं, आणि तेही घाई न करता. कारण श्वास रोखून झटकन वर येणाऱ्याची फुप्फुसं फाटू शकतात. दहा मीटरवर भरलेला फुगा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होतो. घाबरलेला भिडू मला घेऊन भर्रकन वर आला असता तर आम्ही दोघंही गेलो असतो. मी फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं तेव्हा त्याच्या जिवाचाही निर्णय मीच घेऊन टाकला होता, त्याला न विचारता.

भिडू एक शब्द बोलला नाही. दुकानात गेला, तिथल्या गाइडबरोबर डायव्हिंग करून आला. संध्याकाळी धक्क्यावर माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, ‘आठवीच्या सहामाहीत तू मला बीजगणिताचं चुकीचं उत्तर दाखवलंस. ते मी माफ केलं होतं.’ मग बराच वेळ थांबला. ‘हे एवढ्यात जमणार नाही.’

मी दुकानात जाऊन फॉर्म परत मागितला आणि त्यावर खरं लिहिलं. दुकानदार रागावला नाही. ‘थँक यू, सर,’ एवढंच म्हणाला आणि माझे डायव्हिंगचे पैसे परत केले.

चौथ्या दिवशी डॉक्टरनं मला एवढीच सूट दिली : जॅकेट घालून, तिच्या हाताच्या अंतरावर, वीस मिनिटं स्नॉर्केल. आम्ही होल चान या राखीव क्षेत्रात गेलो. 1987 पासून तिथं मासेमारी बंद आहे. माया भाषेत होल चान म्हणजे छोटी वाट. प्रवाळाच्या भिंतीतली फट आहे ती. वरून तोंड पाण्यात घालून मी खाली बघत राहिलो. मेंदूसारख्या वळ्या असलेले प्रवाळ, पंख्यासारखे जांभळे प्रवाळ वाऱ्यानं हलावेत तसे हलत होते. प्रवाळ हा दगड नाही, झाडही नाही. लाखो इवल्या प्राण्यांची ती वसाहत. त्यांच्या अंगात शेवाळ राहतं आणि उन्हातून अन्न तयार करून त्यांना देतं. पाणी जास्त तापलं की हे भाडेकरू निघून जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. दोघांचंही दुसऱ्यावाचून चालत नाही. एक हिरवानिळा पोपटमासा प्रवाळावरचं शेवाळ कुरतडत होता. त्याचा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो, कुणी चणे खातंय असा. हा मासा शेवाळ खाऊन प्रवाळ साफ ठेवतो, म्हणून बेलीझनं 2009 पासून त्याच्या मासेमारीवर बंदी घातली. 2010 च्या अखेरीस ट्रॉलिंगही बंद केलं. आपल्या किनाऱ्यावरच्या लहान होडीवाल्याला विचारा, या एका वाक्याची किंमत काय आहे.

आणखी एक गोष्ट मला तिथल्या नाखव्यानं सांगितली, ती नंतर पडताळूनही पाहिली. बेलीझचं हे प्रवाळक्षेत्र 1996 मध्ये जागतिक वारसा ठरलं. किनाऱ्यावरची खारफुटी तोडून बांधकामं होऊ लागली, तेव्हा 2009 मध्ये युनेस्कोनं ते ‘धोक्यात’ असलेल्या यादीत टाकलं. मग सरकारनं समुद्रातल्या तेल उत्खननावर बंदी आणली, खारफुटीचे नियम कडक केले, आणि 2018 मध्ये ते नाव त्या यादीतून निघालं. नाखवा म्हणाला, ‘धोका आहे असं एकदा मान्य केलं, म्हणून तर काम सुरू झालं.’ त्याला माझी गोष्ट माहीत नव्हती. डॉक्टर माझ्याकडे बघून हसली. चार दिवसांत पहिल्यांदा.

पाचव्या दिवशी बोटीनं परत आलो आणि मोटारीनं दोन तासांवर पश्चिमेला सॅन इग्नासिओ या गावी मुक्काम केला. तिथून जवळ शुनान्तुनिच हे माया लोकांचं शहर आहे. आम्ही गेलो तेव्हा वाटेतली मोपान नदी हातानं चाक फिरवून ओढायच्या तराफ्यावरून ओलांडायची होती. मोटारही त्याच तराफ्यावर. पलीकडे जंगल, आणि जंगलातून वर आलेला चाळीस मीटर उंच दगडी पिरॅमिड. एल कास्तिय्यो. बाराएकशे वर्षांपूर्वी हे शहर भरात होतं. चाक लावलेली गाडी नाही, ओझ्याचं जनावर नाही, लोखंड नाही. हे सगळं माणसांच्या पाठीवर आलं.

मी खालीच थांबायचं ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाली, ‘चढ. पण वीस पायऱ्या, मग थांबायचं.’ मग सगळेच वीस पायऱ्यांनंतर थांबू लागले आणि मला कळलं की थांबायची गरज सगळ्यांनाच होती. फक्त सांगायला कुणी तयार नव्हतं.

त्या वीसवरून आठवलं. माया लोक वीसच्या पटीत मोजत. एक म्हणजे टिंब, पाच म्हणजे आडवी रेघ, आणि शून्यासाठी शिंपल्याचं चिन्ह. हो, शून्य त्यांनी आपल्याशी काहीही संबंध नसताना स्वतंत्रपणे शोधलं होतं. माझी आजी वाडीतले नारळ ‘एक विसा, दोन विसा’ असे मोजायची. वर पोचल्यावर भिडूनं आकाशाकडे बघत म्हटलं, ‘तीन विसा झाले रे आपले.’ माझ्याशी तो आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य.

ही शहरं ओस पडली, पण माया लोक कुठे गेले नाहीत. नदीच्या अलीकडच्या गावात त्यांचीच वस्ती आहे. तिथं एका बाईनं आमच्यासमोर मक्याच्या भाकऱ्या थापल्या. मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, मग दळतात. त्यामुळे साल सुटते, आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. युरोपी लोक मका घेऊन गेले, पण चुन्याची रीत घेऊन गेले नाहीत. मग मक्यावरच जगणारे गरीब लोक तिकडे पेलाग्रा या रोगानं पिढ्यान् पिढ्या आजारी पडले. पाककृती अर्धी उचलू नये, हे माझ्या पत्नीनं तेव्हाच बजावलं.

जेवणाबद्दल आणखी दोन-तीन गोष्टी, कारण त्या वेळापत्रकात नाहीत. ‘राइस अँड बीन्स’ आणि ‘बीन्स अँड राइस’ हे तिथं दोन वेगळे पदार्थ आहेत. पहिल्यात भात आणि राजमा नारळाच्या दुधात एकत्र शिजवतात, दुसऱ्यात वेगवेगळे वाढतात. शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं, बीन्समध्ये बरेचदा डुकराचं मांस किंवा चरबी असते. आपली डॉक्टर शाकाहारी आहे, म्हणून हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकावं लागलं. शेजारी लालसर रश्शातली कोंबडी असते. तो लाल रंग मिरचीचा नसून शेंद्रीच्या बियांचा. गारिफुना लोकांचं हुदुत मिळालं तर सोडू नका. नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण आणि सोबत कुटलेली केळी. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला ओळख लागत नाही. दर सांगितला की ‘कुठला डॉलर?’ हे विचारा. एका अमेरिकन डॉलरचे दोन बेलीझ डॉलर होतात आणि दोन्ही चालतात. आणि एका खाणावळीच्या फळ्यावर ‘तकारी’ असा शब्द दिसला. विचारलं तर म्हणाले, हा इथल्या ईस्ट इंडियन लोकांचा पदार्थ. एकोणिसाव्या शतकात मळ्यांवर मजूर म्हणून आणलेल्या भारतीयांचे हे वंशज. भाषा गेली, ‘तरकारी’ राहिली. हळदीला तिथं ‘यलो जिंजर’ म्हणतात.

शेवटच्या दिवशी नदीतून बोटीनं लामानाई बघायला गेलो. जंगलात वाटाड्यानं एका झाडाच्या बुंध्यावरच्या जुन्या तिरक्या खाचा दाखवल्या. या झाडाचा चीक गोळा करून पूर्वी च्युइंगगम बनवायचे. त्या चिकाला ‘चिकले’ म्हणतात. तिकाल या मोठ्या माया शहरात मंदिरांच्या दारांवर याच लाकडाच्या तुळया आहेत, हजार वर्षं टिकलेल्या. मी पान हातात घेतलं, वास घेतला आणि भिडूकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘चिकू!’ मित्रहो, ज्या घोलवड-डहाणूच्या चिकूच्या वाड्यांत आपण लहानाचे मोठे झालो, कुंपणाखालून शिरून मार खाल्ला, ते झाड मुळात या जंगलातलं. आम्ही दोघं तिथं गुडघ्यावर हात ठेवून वेड्यासारखे हसत होतो. माफी वगैरे शब्द त्यानं वापरला नाही. परतताना बोटीत माझ्या शेजारी बसला, एवढंच.

आता शेवटचं, आणि मला सगळ्यात टोचणारं. मुंबईला परतल्यावर मी हृदयरोगतज्ज्ञांना सगळं खरं सांगितलं. स्ट्रेस टेस्ट केली, इको केला. दोन्ही स्वच्छ निघाले. डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना अहवाल दाखवले. त्यांनी मर्यादा घालून परवानगी दिली : खोल नाही, प्रवाहात नाही, दरवर्षी तपासणी. म्हणजे जी चाचणी ‘नको’ म्हणतील या भीतीनं मी टाळली, ती जाण्याआधी केली असती तर मी कॅरिबियन समुद्रात उतरलो असतो. खरं सांगितल्यानं माझी सहल बुडाली नव्हती. न सांगितल्यानं बुडाली. पुढच्या जानेवारीत तारकर्लीला आठ मीटरवर उतरलो. बरोबर कोण होतं ते सांगायला नको. पाण्याखाली त्यानं नेहमीची खूण केली, अंगठा आणि तर्जनी जुळवून : ठीक आहेस ना? मी तीच खूण परत केली. या वेळी ती खरी होती.

तर सहल कशी आखावी? ऋतू बघा, आधी समुद्र मग विमान हे पाळा, आवाक्याबाहेरच्या गोष्टीवर फुली मारा, स्थानिक माणसाच्या हातचं खा. हे सगळं माझ्या शंभर पानी वहीत होतं. वहीच्या पहिल्या पानावर जे हवं होतं ते नव्हतं : आपल्याला काय झालेलं आहे आणि ते बरोबरच्यांना ठाऊक आहे का.

समितीनं यंदा डिसेंबरात आपल्या बॅचची तारकर्ली-मालवण सहल ठरवली आहे. स्नॉर्केलिंग आहे, मालवणी जेवण आहे. बाहेर पडताना दाराशी एक फॉर्म मिळेल. आपल्या डॉक्टरनं तयार केला आहे. आपण सगळे आता सहासष्टचे आहोत. या सभागृहात मी एकटाच स्टेंटवाला आहे यावर माझा विश्वास नाही. तिसरा प्रश्न हृदयाचा आहे. माझा फॉर्म सगळ्यात वर ठेवला आहे, तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’वर खूण केलेला. बघून घ्या, मग आपला भरा. कुणाला सहलीतून वगळायला तो फॉर्म नाही. कुणाबरोबर कुणी पाण्यात उतरायचं, हे ठरवायला आहे.

पेन नसेल तर माझ्याकडे आहे.